वनांतील दोरी आणि गुहेंतील नदी

कुरकुरणारें मोटेचें चाक, त्यावरून सरकणारा जाड नाडा आणि पुराच्या पाण्यांतून माणसांस पैलतीरीं नेणारी वाळक्या भोपळ्यांची सांगड, या वस्तु महाराष्ट्रांतील खेड्यांतून आतां जवळजवळ नाहींशा झाल्या आहेत. बहिणाबाई चौधरी यांचें माहेर म्हणून सर्वांस परिचित असलेलें जळगांवानजीकचें असोदा हें गांव घेतलें, तरी तेथील शेतांना आज विजेच्या पंपांनीं पाणी मिळतें आणि तापी-वाघूर ओलांडावयास पूल आहेत. सांगड प्रत्यक्षांत गेली. ‘सांगड घालणें’ हा वाक्प्रचार तेवढा भाषेंत मागें राहिला. परंतु मनुष्यस्वभाव मोठा विलक्षण आहे. जें साहस गरजेपोटीं करतांना तो देवाचा धांवा करीत असे, तेंच साहस गरज सरल्यावर तो पैसे मोजून आणि रांगेंत उभा राहून हौसेनें करूं लागतो. गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगभर पसरलेले दोन खेळ याच जातीचे आहेत. एका उंच झाडावरून दुसऱ्या झाडापर्यंत बांधलेल्या तारेवरून कप्पीला लोंबकळत घसरत जावयाचें, हा पहिला. त्याला झिपलाइन म्हणतात. फुगविलेल्या रबरी ट्यूबमध्यें बसून डोंगराच्या पोटांतील नदीबरोबर वाहत जावयाचें, हा दुसरा.

हे दोन्ही खेळ वाटाड्याच्या देखरेखीखालीं एकाच दिवसांत घडविण्याची प्रथा मध्य अमेरिकेंतील बेलीझ या लहानशा देशांत विशेष रूढ आहे. १९७३ पर्यंत या देशाचें नांव ब्रिटिश होंडुरास होतें. १९८१ सालीं तो स्वतंत्र झाला. तेथील केव्ह्ज ब्रँच नांवाची नदी चुनखडीच्या डोंगरांतून भुयारें पाडीत जाते. सकाळीं पाहुण्यांच्या कमरेला आणि मांड्यांना पट्टे आवळले जातात, डोक्यावर शिरस्त्राण चढतें, आणि झाडांच्या बुंध्यांभोंवतीं बांधलेल्या माच्यांवरून एकेकास पुढें सोडण्यांत येतें. दुपारीं तीच मंडळी ट्यूब खांद्यावर घेऊन अरण्यांतील पायवाटेनें वरच्या अंगास जातात आणि गुहेच्या तोंडाशीं पाण्यांत उतरतात. वाटाड्या ट्यूबा एकमेकींस जोडून आगगाडीच्या डब्यांसारखी माळ करतो. पहिलें वळण गेलें कीं मागचा उजेड तुटतो. मग कपाळावरील दिव्याच्या झोतांत जेवढें दिसेल तेवढेंच जग. प्राचीन माया लोक अशा गुहांस पाताळाचें द्वार समजत आणि तेथें पूजाविधि करीत. त्यांचीं मडकीं आजही अनेक गुहांतून सांपडतात. अर्थात् करमणुकीसाठीं आलेला प्रवासी तेथें दुसऱ्याच्या देवघरांतून वाहत जात असतो. त्यास याची जाणीव असतेच असें नाहीं. चांगला वाटाड्या ती करून देतो.

यांपैकीं दोरीचा इतिहास प्रथम पाहूं. चीनच्या युन्नान प्रांतांत नूच्यांग नदीच्या खोल दरींत राहणारे लिसू लोक पिढ्यान् पिढ्या दोरीवरून नदी ओलांडीत आले. जाण्याची दोरी निराळी आणि येण्याची निराळी; कारण प्रत्येक दोरीचा उतार पैलतीराकडे असावा लागतो. या दोन दोऱ्यांवरून माणसें जात, शेळ्या जात, धान्याचीं पोतीं जात. हिमालयांतही तारेला टांगलेल्या पाळण्यांत बसून गांवकरी नद्या ओलांडतात. करमणुकीचें रूप मात्र या दोरीस शास्त्रज्ञांच्या मागून आलें. १९७० नंतरच्या दशकांत डोनल्ड पेरी नामक जीवशास्त्रज्ञानें कोस्टा रिका येथील घनदाट अरण्याच्या शेंड्यांचा अभ्यास आरंभिला. त्या अरण्यांतील पक्षी, किडे, बांडगुळें आणि आमरीचीं फुलें यांचा मोठा भाग जमिनीपासून शंभर फूट उंचीवर राहतो; खालीं उभें राहून तो दिसत नाहीं. म्हणून गिर्यारोहकांच्या दोऱ्या, खिळे आणि कप्प्या घेऊन तो झाडांवर चढला, आणि पुढें एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्यासाठीं त्यानें दोरांचें जाळें उभारलें. १९९० नंतर त्याच देशांत तशाच साधनांनीं प्रवाशांस अरण्याच्या शेंड्यांवरून हिंडविण्याचा धंदा सुरू झाला, आणि तेथून तो सर्वत्र गेला.

तारेवरून घसरणाऱ्याच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो असा, कीं ही तार अशी झोळ देऊन सैल कां बांधली आहे? ती ताठ असती तर अधिक सुरक्षित वाटली असती. येथें आपल्या अंगणांतील वाळवणाच्या दोरीचा अनुभव उपयोगी पडतो. दोरी जितकी ताठ बांधावी तितकी ओल्या धोतराच्या ओझ्यानें ती खुंटीसकट उपटून येण्याची भीति अधिक. गणित सोपें आहे. शंभर मीटर लांबीच्या तारेच्या मध्यावर सत्तर किलो वजनाचा मनुष्य आला असतां तार तेथें पांच मीटर खालीं झुकत असेल, तर तिच्यावर सुमारे ३५० किलोंचा ताण पडतो. झोळ अडीच मीटर ठेवला तर ताण ७०० किलो होतो. आणि एकाच मीटरवर आणला तर तो १७५० किलोंवर जातो. माणूस तोच, तार तीच; केवळ ताठपणाच्या हौसेनें ताण पांचपट! तारेचें स्वतःचें वजन या हिशेबांत धरलेलें नाहीं; तें निराळें. म्हणून जाणता कारागीर तार अंदाजानें ओढीत नाहीं. झोळ मोजून ठेवतो.

दुसरा प्रश्न वेगाचा. पांच मीटर खालीं उतरणारा पदार्थ वाटेंत कांहींच अडथळा नसेल तर ताशीं सुमारें ३५ किलोमीटर वेग घेतो. कप्पीचें घर्षण आणि वाऱ्याचा विरोध यांमुळें प्रत्यक्ष वेग कमी होतो. पण वाऱ्याचा विरोध अंगाच्या आकारावर अवलंबून असल्यामुळें भारी मनुष्यास तो त्या मानानें कमी रोधतो. स्थूल गृहस्थ पलीकडच्या माचीवर दाणदिशीं येऊन आदळतात, आणि आठ वर्षांची मुलगी तारेच्या शेवटास पोहोंचण्यापूर्वींच थांबते व उलट घसरत झोळाच्या सर्वांत खोल जागीं येऊन लोंबकळत राहते. पलीकडे जो माणूस उभा असतो त्याचें काम म्हणूनच नाजूक असतें. येणाऱ्याच्या वजनाप्रमाणें त्यानें रोधक आवळावयाचा असतो, आणि मध्यें अडकलेल्यास तारेवर हातानें सरकत जाऊन ओढून आणावयाचें असतें. पट्टे, आंकडे आणि कप्पी यांची प्रत्येक वेळीं दोघांनीं मिळून तपासणी करावी, अंगावरील एक सांखळी सुटली तर दुसरी धरून राहील अशी व्यवस्था असावी, आणि माचीवर असतांना सुद्धां मनुष्य क्षणभरही मोकळा नसावा, हे या धंद्यांतील साधे नियम होत.

पाण्यावरील खेळास इतकें गणित लागत नाहीं. जुन्या सांगडींतील भोपळा ज्या नियमानें तरे त्याच नियमानें ट्यूब तरते. आणि खेड्यांतील मुलें मालमोटारीची जुनी ट्यूब घेऊन विहिरींत व तळ्यांत पोहावयास शिकतात, त्यांस तो नव्यानें सांगावा लागत नाहीं. वाहत्या पाण्यांत मात्र दोन सूचना मोलाच्या आहेत. पाय नेहमीं प्रवाहाच्या दिशेस पुढें असावे, म्हणजे खडक आला तर तो तळव्यांस लागतो, डोक्यास लागत नाहीं; आणि उथळ पाण्यांत कंबर वर उचलून धरावी. यापलीकडचें सर्व भवितव्य ज्या गुहेंतून वाहावयाचें तिच्यावर अवलंबून असतें.

गुहा होते कशी? श्रोत्यांनीं घरींच करून पाहावा असा एक प्रयोग आहे. पानाच्या डब्यांतील चुना पाण्यांत कालवून रात्रभर ठेवावा आणि सकाळीं वरची स्वच्छ निवळी पेल्यांत ओतून घ्यावी. तींत नळीनें हलकेच फुंकर घालीत राहावें. निवळी तोंडांत ओढूं नये व डोळ्यांत उडूं देऊं नये, कारण ती दाहक असते. थोड्याच वेळांत ती दुधासारखी पांढरी होते. श्वासांतील कार्बन डायऑक्साइड, ज्यास जुन्या पुस्तकांत कर्बाम्ल वायु म्हणत, तो चुन्याशीं संयोग पावून चुनखडीचे बारीक कण तयार होतात. पुष्कळ लोक येथेंच थांबतात. परंतु धीर धरून फुंकीत राहिल्यास तोच पेला हळूहळू पुन्हां निवळतो. अधिक वायूनें आम्ल झालेल्या पाण्यांत ती चुनखडी विरघळून जाते. डोंगरांत नेमकें हेंच चालतें. पावसाचें पाणी हवेंतून थोडा आणि पालापाचोळा कुजलेल्या मातींतून पुष्कळ वायु घेऊन खडकाच्या फटींत शिरतें, आणि खडक चुन्याचा असेल तर लक्षावधि वर्षांत त्या फटीचें भुयार होतें. छतांतून ठिबकणाऱ्या थेंबांतला वायु गुहेच्या हवेंत उडून गेला कीं विरघळलेला चुना पुन्हां बाहेर पडतो, आणि त्याचे सुळके छतापासून लोंबूं लागतात. पेल्यांतील दूध आणि गुहेंतील सुळका एकाच पदार्थाचे.

आतां खानदेशचा नागरिक साहजिकच विचारील कीं, अजिंठ्याच्या डोंगरांतून येणारी वाघूर आमच्याजवळूनच वाहते. अजिंठ्यास गुहाही आहेत. मग ट्यूबेंत बसून त्यांतून वाहत कां जातां येऊं नये? उत्तर खडकांत आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दक्षिणेंत भूमि फाटून लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्यांचा आज उरलेला विस्तार सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर आहे, आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर, वसला आहे. हा खडक चुनखडीसारखा विरघळत नाहीं. त्याच्या सांध्यांतून पाणी झिरपतें, त्या झिरप्यानें अजिंठ्याच्या चित्रांस उपद्रवही होतो, परंतु त्या फटीचें भुयार होत नाहीं. बेसाल्टवर नदी काम करते ती घांसून आणि फोडून. पुण्या-नगरच्या सीमेवर निघोज येथें कुकडीच्या पात्रांत जे प्रचंड रांजणखळगे आहेत, ते भोंवऱ्यांत सांपडलेल्या गोट्यांनीं गरगर फिरत फिरत कोरलेले आहेत. वाघुरीनें अजिंठ्यापाशीं घोड्याच्या नालासारखी वळलेली खोल दरी कापली आणि तिच्या माथ्याशीं धबधब्यांखालीं कुंडें खणलीं. यापुढें तिचें सामर्थ्य गेलें नाहीं.

नदीनें जें केलें नाहीं तें तेथें माणसानें केलें. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांत आणि पुन्हां इसवी सनाच्या पांचव्या शतकांत, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळांत, छिन्नी-हातोड्यानें त्या कड्यांत तीस लेणीं कोरण्यांत आलीं. मूळ रचनेंत बहुतेक लेण्यांपासून नदीपर्यंत स्वतंत्र पायऱ्या उतरत असत. भिक्षु पाण्यासाठीं खालीं येत आणि वर जात. म्हणजे नदी आणि गुहा यांचा संबंध येथेंही आहे, पण तो घड्यापुरता. लेणीं पुराच्या पाण्याहून बरींच उंच कोरलीं गेलीं, यांत त्या कारागिरांचें शहाणपण दिसतें. १८१९ सालीं जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यास शिकारीच्या वेळीं हीं लेणीं दिसलीं, तेव्हां दरी झाडींनीं भरून गेली होती. चित्रें मात्र भिंतींवर होतीं. त्या दरीवर तार टांगून पाहुण्यांस घसरविण्याची कल्पना कोणास सुचली, तर ती अव्हेरणेंच बरें.

चुनखडीची नदीगुहा पाहावयाची तर भारतांत मेघालयास जावें. तेथें खासी भाषेंत गुहेस ‘क्रेम’ म्हणतात, आणि क्रेम लियात प्रा ही गुहाप्रणाली तीस किलोमीटरांहून अधिक लांब मोजली गेली आहे. आंध्रांतील बोऱ्हा गुहांचा संबंध गोस्थनी नदीशीं आहे. महाराष्ट्रांत या दिवसाचें सर्वांत जवळचें रूप कोंकणांत, रायगड जिल्ह्यांतील कोलाड येथें सांपडतें. तेथें कुंडलिका नदीवरून तार टांगलेली आहे आणि नदींत रबरी होड्यांतून दहा-बारा किलोमीटर जातां येतें. गुहा नाहीं, पण दुसरें एक नवल आहे. सह्याद्रीवरील मुळशीच्या तलावांतील पाणी नळांतून घाट उतरून भिरा येथील वीजगृहांत येतें. हें वीजगृह १९२७ पासून चालू आहे. वीज निर्माण केल्यावर सोडलेलें पाणी कुंडलिकेंत पडतें, म्हणून भर उन्हाळ्यांतही ही नदी सकाळीं भरून वाहते आणि पुढें ओसरते. ज्या धरणासाठीं मुळशी खोऱ्यांतील गांवें बुडालीं आणि ज्याच्या विरोधांत १९२१ सालीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह झाला, त्याच धरणाच्या पाण्यावर आज मुंबई-पुण्याचीं कुटुंबें सुट्टीचा दिवस घालवितात. कोलाडच्या वाटाड्यास ही नदी केव्हां वाढेल हें ठाऊक असतें. ज्यास तें ठाऊक नाहीं त्यानें कोरडें दिसणारें पात्र पाहून तेथें शिरूं नये.

गुहेंतील नदीस असें वेळापत्रक नसतें. थायलंडच्या उत्तरेस चिआंग राय प्रांतांत थाम लुआंग नांवाची सुमारें दहा किलोमीटर लांबीची चुनखडीची गुहा आहे. तिच्या तोंडाशीं फलक होता कीं, जुलै ते नोव्हेंबर या काळांत आंत पाणी भरण्याचा धोका आहे. २३ जून २०१८ रोजीं अकरा ते सोळा वर्षांचीं बारा मुलें आणि त्यांचा पंचवीस वर्षांचा फुटबॉलशिक्षक सायकली बाहेर ठेवून आंत गेले. जुलैस अजून एक आठवडा होता. परंतु पाऊस फलक वाचीत नाहीं. डोंगरावर पडलेलें पाणी खडकाच्या शेंकडों भेगांतून आंत उतरलें, गुहेंतील सखल भाग छतापर्यंत भरले आणि परतीची वाट बंद झाली. चुनखडीच्या डोंगराचें कपट हेंच आहे. उघड्या नदीचा लोट वरून येतांना दिसतो, ऐकूं येतो. गुहेंत मात्र पाणी भिंतींतून, खालून आणि मागूनही येतें, आणि बाहेरचा पाऊस थांबल्यावरही कांहीं काळ येतच राहतें.

दोन ब्रिटिश पाणबुड्यांस तीं मुलें २ जुलै रोजीं, तोंडापासून सुमारें चार किलोमीटर आंत, एका उंचवट्यावर जिवंत सांपडलीं. त्यांस बाहेर काढणें हें शोधण्याहून कठीण होतें. डोंगरावरील ओढे वळविण्यांत आले, भेगा बुजविण्यांत आल्या आणि पंपांनीं रात्रंदिवस पाणी उपसण्यांत आलें. या कामीं सल्ला देण्यासाठीं भारतीय वकिलातीच्या शिफारशीवरून किर्लोस्कर ब्रदर्स या कंपनीचे तज्ज्ञ गेले होते. सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडीस १९१० सालीं ज्या कंपनीनें माळरानावर कारखाना वसविला, तीच ही. उपसलेलें पाणी खालच्या भातशेतांत शिरलें आणि पीक गेलें. त्या शेतकऱ्यांपैकीं कांहींनीं सरकारी भरपाईही नाकारली. ६ जुलै रोजीं हवेच्या टाक्या आंत पोहोंचवून परततांना समान कुनान हा थाई नौदलाचा माजी पाणबुड्या मरण पावला. शेवटीं ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञ रिचर्ड हॅरिस यानें मुलांस गुंगीचें औषध दिलें आणि ८ ते १० जुलै या तीन दिवसांत पाणबुड्यांनीं एकेकास पाण्याखालून ओढून बाहेर आणलें. जागेपणीं एखादें मूल घाबरून धडपडलें असतें तर तें आणि त्यास धरणारा, दोघेही बुडाले असते. तेराही जण वांचले.

बेलीझच्या नदीवर पाणी चढलें कीं त्या दिवशींचा गुहाप्रवास बंद ठेवतात. दूरदेशाहून आलेला प्रवासी अशा वेळीं रागावतो. आकाश तर निरभ्र दिसत असतें. वाटाड्या मात्र डोक्यावरील आकाश पाहत नाहीं, नदीच्या उगमाकडील पाहतो. असोद्यास ऊन असतां अजिंठ्याच्या डोंगरांत पाऊस कोसळावा आणि कांहीं वेळानें गढूळ वाघूर साकेगांवच्या पुलाखालीं यावी, यांत खानदेशांतील शेतकऱ्यास कांहीं नवल वाटत नाहीं. पाण्याचा रंग बदलला, त्यांत काड्या व पालापाचोळा वाहूं लागला, कीं तो बैल पात्रांतून वर घेतो. पाहुण्यांची ट्यूबांची माळ पाण्यांत सोडण्यापूर्वीं गुहेच्या तोंडाशीं उभा असलेला वाटाड्या प्रथम तेंच पाहतो, आणि कालच्या पाण्याची खूण खडकावर किती उंच आहे तें बोटांनीं मोजतो.